जादुई बोनसची बेरीज: काय धरायचं, काय सोडायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळात हे नेहमी घडतं: तलवार +१ ची, तिच्यावर मंत्राने चढवलेले +२, कमरेला ताकद वाढवणारा पट्टा, शिवाय क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) आशीर्वाद. पात्राच्या शीटवर दिसेल तो प्रत्येक अधिकचा आकडा एकत्र केला जातो, आणि चुकायला हवा होता तो वार बिनबोभाट लागतो. उलटी चूकही तितकीच होते. एन्हान्समेंट म्हणजे एखाद्या वस्तूचा किंवा गुणाचा मूळ आकडा वाढवणारा बोनस. ‘चिलखताचा एन्हान्समेंट, ढालीचाही एन्हान्समेंट, म्हणजे एकच धरायचा’ असं समजून दुसरा खोडला जातो, आणि तो खेळाडू अख्खी मोहीम कमी एसीवर (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) मार खात काढतो. दोन्हीकडे घोळ एकच आहे. बोनसचा आकडा बघितला जातो. तो कोणत्या प्रकारचा आणि नेमका कशाला लागतो, हे बघायचं राहून जातं.

खालचा हिशेब डंजन्स अँड ड्रॅगन्स ३.५ आणि पाथफाइंडरची पहिली आवृत्ती यांच्यासाठी आहे. एन्हान्समेंट बोनसची खरी गुंतागुंत तिथेच आहे.

## १. आधी आवृत्ती पक्की करा

शोधून काढलेलं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच आवृत्तीचं निघतं, म्हणून हे काम पहिलं. ३.५ (२००३) आणि पाथफाइंडर १ (२००९) यांचा सांगाडा सारखा आहे: जवळपास प्रत्येक बोनसला प्रकार असतो आणि एकाच प्रकारचे दोन बोनस सहसा जमत नाहीत. तपशील मात्र बदलतात. बार्डच्या (गाण्याने साथीदारांना बळ देणाऱ्या पात्राच्या) इन्स्पायर करेजने हल्ल्याला मिळणारा बोनस ३.५ मध्ये मोराल (मनोधैर्य) प्रकारचा आहे. ब्लेस या मंत्राचाही तोच, म्हणून दोन्ही एकत्र मिळत नाहीत. पाथफाइंडरने बार्डचा हा बोनस कॉम्पिटन्स प्रकारात टाकला, त्यामुळे तिथे दोन्ही मिळतात. टेबलवर एक जण एका पुस्तकातून आणि दुसरा दुसऱ्या पुस्तकातून वाचत असेल, तर दोघंही बरोबर असतात आणि वाद संपत नाही.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) एन्हान्समेंट हा प्रकारच उरलेला नाही. तिथे सर्कमस्टन्स, स्टेटस आणि आयटम असे तीनच प्रकार आहेत. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीने (२०१४) तर प्रकार काढूनच टाकले. तिथे एकाच नावाचा मंत्र दोनदा लागू होत नाही एवढं पाळायचं, आणि ‘वाढवतो’ व ‘इतका करतो’ यांतला फरक बघायचा. उदाहरणार्थ, तिथला मेज आर्मर एसीमध्ये भर घालत नाही. मूळ एसीच १३ अधिक डेक्स (चपळाईमुळे मिळणारी भर) असा ठरवतो.

इशारा: मंत्राचं वर्णन आठवणीतून सांगू नका. नाव तेच राहतं, आतला प्रकार बदलतो.

## २. प्रत्येक बोनससाठी पाच रकाने

कॅरेक्टर शीटवरच्या छोट्या चौकटींत हे मावत नाही. वेगळा कागद घ्या आणि रकाने आखा: किती, कोणता प्रकार, कशाला, कुठून, किती वेळ.

प्रकार आणि लक्ष्य दोन्ही वर्णनातल्या एकाच वाक्यात सापडतात. इंग्रजी वाक्यात ‘बोनस’च्या आधीचा शब्द प्रकार सांगतो, आणि ‘टू’ किंवा ‘ऑन’च्या पुढचा भाग लक्ष्य सांगतो. आधी काहीच शब्द नसेल, तर तो बिनप्रकारी बोनस. हेस्ट या मंत्रामुळे हल्ल्याला मिळणारा +१ असाच बिनप्रकारी आहे. त्याच हेस्टमुळे एसीला मिळणारा +१ मात्र डॉज प्रकारचा. एका मंत्रातून दोन वेगळे बोनस येत असतील तर दोन ओळी लिहा, एका ओळीत कोंबू नका.

नावावरून प्रकार ओळखायला गेलात की फसलात. शील्ड हा मंत्र शील्ड बोनसच देतो, इथवर ठीक. पण शील्ड ऑफ फेथ डिफ्लेक्शन बोनस देतो, म्हणजे त्याची टक्कर ढालीशी नसून रिंग ऑफ प्रोटेक्शनशी आहे. मेज आर्मर अंगावर चिलखत नसलं तरी आर्मर बोनस देतो, म्हणून खऱ्या चिलखताशी तो जमत नाही. मॅजिक व्हेस्टमेंट एसीला हातच लावत नाही. तो चिलखताला किंवा ढालीला एन्हान्समेंट देतो. बार्कस्किन नॅचरल आर्मरला (कातडीच्या कडकपणाला) एन्हान्समेंट देतो.

तपासणी: ‘कशाला’ या रकान्यात कुठेही नुसतं ‘एसी’ लिहिलं असेल आणि प्रकाराच्या रकान्यात ‘एन्हान्समेंट’ असेल, तर ती ओळ जवळजवळ नक्की चुकली आहे. का, ते चौथ्या टप्प्यात येईल.

## ३. गट पाडा, गटातला मोठा ठेवा

आता ज्या ओळींचा प्रकार *आणि* लक्ष्य दोन्ही सारखे आहेत, त्यांचे गट करा. प्रत्येक गटातला सर्वांत मोठा बोनस चालू, बाकीचे झाकलेले. झाकलेले खोडू नका, त्यांच्यापुढे ‘झा’ लिहून ठेवा. ते पुढे लागणार आहेत.

लक्ष्य वेगळं असेल तर प्रकार सारखा असला तरी टक्कर नाही. पाथफाइंडरमध्ये बार्बेरियनच्या रेजमधून (संतापातून) स्ट्रेंग्थला मोराल बोनस मिळतो आणि हिरोइझम या मंत्रातून हल्ल्याला मोराल बोनस मिळतो. एक स्ट्रेंग्थवर बसतो, दुसरा थेट फाशाच्या रोलवर. दोन्ही धरायचे.

या नियमाला अपवाद थोडे आहेत. डॉज बोनस एकमेकांत जमतात. सर्कमस्टन्स बोनस वेगवेगळ्या परिस्थितीतून आलेले असतील तर जमतात. बिनप्रकारी बोनसही जमतात, पण उगम वेगळा हवा. तोच मंत्र दोघांनी टाकला म्हणून दुप्पट मिळत नाही. तोटे मात्र सहसा सगळे धरले जातात, फक्त एकाच उगमातून दोनदा नाही. ही बाजू खेळाडू सोयीस्कर विसरतात, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) विसरू नये.

## ४. एन्हान्समेंट कशावर बसलाय ते बघा

डिफ्लेक्शन, डॉज, लक असे बोनस थेट तुमच्या आकड्यावर येतात. एन्हान्समेंट बऱ्याचदा आधी दुसऱ्या कशावर तरी बसतो आणि त्यालाच मोठं करतो. +२ चेन शर्ट अंगात घातल्यावर तुम्हाला ‘एसीला +२ एन्हान्समेंट’ मिळत नाही. चेन शर्टचा आर्मर बोनस मुळात +४. एन्हान्समेंटने तो +६ होतो. तुमच्या एसीला येतो तो +६ *आर्मर* बोनस. हेवी स्टील शील्डचा शील्ड बोनस +२. तिच्यावर +१ एन्हान्समेंट असेल तर एसीला +३ *शील्ड* बोनस. दोघांचं लक्ष्य वेगळं, म्हणून दोन्ही पूर्ण मिळतात. ॲम्युलेट ऑफ नॅचरल आर्मरचं तसंच. माणसाची कातडी काही कडक नसते, पण त्याचा नॅचरल आर्मर +० समजायचा आणि एन्हान्समेंट त्या शून्यावर चढवायचा.

म्हणजे एन्हान्समेंटच्या बाबतीत एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: हा *कोणाचा* एन्हान्समेंट? चिलखताचा, ढालीचा, कातडीचा, शस्त्राचा की स्ट्रेंग्थचा? टक्कर फक्त एकाच मालकाच्या दोन एन्हान्समेंटमध्ये होते. +२ चेन शर्टवर कुणी आठव्या पातळीच्या क्लेरिकने मॅजिक व्हेस्टमेंट टाकला, तर चार पातळ्यांमागे +१ या हिशेबाने तोही +२ देतो. दोन्ही त्याच चिलखतावर, म्हणून एकूण +२च. मंत्र वाया गेला. तोच मंत्र साध्या ढालीवर टाकला असता तर दोन एसी वाढले असते.

मोठ्याला मोठा म्हणतानाही अख्खा आर्मर बोनस तोला, एन्हान्समेंट सुटा काढून नाही. मेज आर्मरचा +४ आणि +१ लेदर आर्मरचा +३ (मूळ २, वर १) समोरासमोर ठेवले तर मेज आर्मर जिंकतो. पण लेदरचा एन्हान्समेंट उचलून मेज आर्मरवर चिकटवता येत नाही. ४ अधिक १ म्हणजे ५, असा हिशेब मी बऱ्याच टेबलांवर पाहिला आहे. तो एन्हान्समेंट लेदरचा आहे, लेदरबरोबरच झाकला जातो.

तपासणी: दुसऱ्या टप्प्यातल्या कागदावर आता एसीसाठी ‘एन्हान्समेंट’ अशी एकही ओळ उरायला नको. आर्मर, शील्ड, नॅचरल आर्मर अशा ओळी उरतील आणि त्यांच्या पोटात एन्हान्समेंट असेल.

## ५. शस्त्राचे खाचखळगे

मास्टरवर्क (उत्तम कारागिरीच्या) शस्त्राचा हल्ल्याला मिळणारा +१ हाही एन्हान्समेंटच आहे. जादुई शस्त्र मुळात मास्टरवर्क असावंच लागतं, म्हणून +१ तलवार हल्ल्याला +१ देते, +२ नाही. डॅमेजला (इजेच्या आकड्याला) मास्टरवर्कचं काहीच मिळत नाही.

ग्रेटर मॅजिक वेपन चार पातळ्यांमागे +१ देतो, जास्तीत जास्त +५. तो तलवारीच्या स्वतःच्या एन्हान्समेंटशी भिडतो आणि मोठा जिंकतो. पण फ्लेमिंग, शॉक यांसारख्या खास क्षमता एन्हान्समेंट बोनस नाहीत. किंमत काढताना फ्लेमिंग ‘+१ इतकी’ धरतात, एवढंच. त्यामुळे +१ फ्लेमिंग तलवार हल्ल्याला +१ देते (+२ नव्हे), आणि तिच्यावर ग्रेटर मॅजिक वेपनने +३ चढवले तरी आगीचा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) तसाच राहतो. साथीदारांत हा मंत्र रोज टाकणारा कुणी असेल, तर शस्त्रावर पैसे खर्च करताना आकड्यापेक्षा क्षमता घेतलेल्या बऱ्या. मंत्र पातळीमागे एक तास टिकतो, म्हणजे दिवसभराचं काम भागतं.

धनुष्य आणि बाण यांची ३.५ व पाथफाइंडर १ मध्ये बेरीज होत नाही, दोघांपैकी मोठा एन्हान्समेंट धरायचा. पाचव्या आवृत्तीत दोन्ही धरतात, आणि घोळ होतो तो इथूनच.

ढालीवरचा एन्हान्समेंट एसीसाठी. ढालीने ठोसा मारताना तो लागत नाही. त्यासाठी ढालीला शस्त्र म्हणून वेगळी जादू चढवावी लागते. दुटोकी शस्त्राच्या दोन टोकांचाही हिशेब वेगवेगळा.

इशारा: पाथफाइंडरमध्ये शस्त्राचा एन्हान्समेंट +३ किंवा जास्त असेल तर काही प्रकारचं डॅमेज रिडक्शन (काही शत्रूंची, होणारी इजा कमी करणारी क्षमता) भेदता येतं. ग्रेटर मॅजिक वेपनने तात्पुरता आलेला आकडा मात्र फक्त ‘मॅजिक’ एवढंच भेदतो. हल्ल्यासाठी मंत्राचा आकडा, रिडक्शनसाठी शस्त्राचा स्वतःचा.

## ६. हल्ल्याची बेरीज करून बघू

आठव्या पातळीचा फायटर, बेस अटॅक (पातळीमुळे हल्ल्याला मिळणारा मूळ आकडा) +८, स्ट्रेंग्थ १८. हातात +१ फ्लेमिंग लाँगसोर्ड. स्ट्रेंग्थला +२ एन्हान्समेंट देणारी वस्तू अंगावर (पाथफाइंडरमध्ये पट्टा, ३.५ मध्ये हातमोजे). आठव्या पातळीच्या साथीदारांनी बुल्स स्ट्रेंग्थ, ग्रेटर मॅजिक वेपन, ब्लेस, हिरोइझम, प्रेअर आणि हेस्ट असे सहा मंत्र टाकलेत.

क्रम असा ठेवा. *पहिल्यांदा ॲबिलिटी स्कोअर.* पट्ट्याचा +२ आणि बुल्स स्ट्रेंग्थचा +४ दोन्ही एन्हान्समेंट, दोन्ही स्ट्रेंग्थला. पट्टा झाकला. स्ट्रेंग्थ २२, मॉडिफायर (स्कोअरवरून निघणारी भर) +६. *मग शस्त्र.* स्वतःचा +१, मंत्राचा +२; मंत्र जिंकला, फ्लेमिंग शाबूत. *शेवटी थेट रोलवरचे.* ब्लेस मोराल +१, हिरोइझम मोराल +२, ब्लेस झाकला. प्रेअर लक +१. हेस्ट बिनप्रकारी +१.

८ + ६ + २ + २ + १ + १ = +२०.

दिसेल ते जोडणारा खेळाडू इथे काय करतो बघा: स्ट्रेंग्थ २४ म्हणून +७, तलवारीचे १ + २ आणि मास्टरवर्कचा आणखी १, मोरालचे ३, प्रेअर १, हेस्ट १. एकूण +२४. चारचा फरक म्हणजे डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर वीस टक्के.

डॅमेजसाठी कागद पुन्हा वाचा, हल्ल्याची ओळ उतरवून काढू नका. ब्लेस, हिरोइझम आणि हेस्ट यांपैकी कुणीही डॅमेजला काही देत नाही. प्रेअर देतो. १डी८ + ६ + २ + १, म्हणजे १डी८ + ९, वर आगीचा १डी६.

तपासणी: क्रम उलटा करून शस्त्रापासून सुरुवात केली, तर पट्टा आणि बुल्स स्ट्रेंग्थ यांची टक्कर नजरेतून निसटते. एक जण आधीच स्कोअरमध्ये मिसळलेला असतो आणि दुसरा मंत्रांच्या यादीत वेगळा पडलेला असतो. म्हणून शीटवर मूळ स्कोअर नेहमी सुटा लिहा.

## ७. तोच फायटर, एसीसाठी

+२ चेन शर्ट, +१ हेवी स्टील शील्ड, रिंग ऑफ प्रोटेक्शन +१, ॲम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर +१, डेक्स १४, पाथफाइंडरचं डॉज फीट (पात्रासाठी निवडलेलं खास कसब). वर शील्ड ऑफ फेथ, बार्कस्किन, मेज आर्मर आणि हेस्ट.

आर्मर: चेन शर्ट ६, मेज आर्मर ४ झाकला. शील्ड ३. डिफ्लेक्शन: आठव्या पातळीला शील्ड ऑफ फेथ +३, अंगठी झाकली. नॅचरल आर्मर: बार्कस्किन +३, ॲम्युलेट झाकलं. डेक्स १४ मुळे २. डॉज: फीटचा १ आणि हेस्टचा १, दोन्ही धरायचे.

१० + ६ + ३ + ३ + ३ + २ + २ = २९.

सगळं जोडलं तर ३५ येतात. ‘एन्हान्समेंट एकच’ म्हणणाऱ्याकडे बार्कस्किनचे ३ राहतात, चिलखत-ढालीचे ३ जातात आणि एसी २६ होतो. दोन्ही चुकीचे.

आता टच (नुसता स्पर्श पुरेसा असलेल्या हल्ल्याविरुद्धचा एसी) आणि फ्लॅट-फुटेड (बेसावध असतानाचा एसी). टचमध्ये आर्मर, शील्ड, नॅचरल आर्मर हे तिन्ही एन्हान्समेंटसकट जातात: १० + ३ + २ + २ = १७. फ्लॅट-फुटेडमध्ये डेक्स आणि डॉज जातात: २५. प्रकार नीट लिहिलेले असतील तर हे दोन आकडे क्षणात निघतात.

मेज आर्मर झाकला गेला तरी पूर्ण निकामी नसतो. तो फोर्सचा असल्यामुळे शरीर नसलेल्या शत्रूचा स्पर्श अडवतो. साधं चेन शर्ट तो अडवत नाही. भुतांशी गाठ पडणार असेल तर झाकलेली ओळ पुन्हा वाचा.

## ८. मंत्र उतरला की

मंत्र उतरल्यावर त्याचा आकडा सरसकट वजा करणं, ही लढाईच्या मध्यावर होणारी नेहमीची चूक. बुल्स स्ट्रेंग्थ संपला म्हणून स्ट्रेंग्थ २२ वरून १८ होत नाही. झाकलेला पट्टा वर येतो आणि ती २० राहते. शील्ड ऑफ फेथ उतरला की अंगठी जागी होते, एसी तीनने न उतरता दोनने उतरतो. ‘झा’ लिहिलेल्या ओळी यासाठीच ठेवल्या होत्या.

म्हणून ‘किती वेळ’ हा रकाना हवा. हेस्ट आणि प्रेअर पातळीमागे एक राउंड (लढाईची एक फेरी) टिकतात. ब्लेस, बुल्स स्ट्रेंग्थ आणि शील्ड ऑफ फेथ पातळीमागे एक मिनिट. हिरोइझम आणि बार्कस्किन पातळीमागे दहा मिनिटं. मेज आर्मर आणि ग्रेटर मॅजिक वेपन पातळीमागे एक तास. शत्रूने डिस्पेल मॅजिक टाकलं की कुठली ओळ गेली ते बघा आणि तो एक गट नव्याने तपासा. अख्खी बेरीज पुन्हा मांडत बसू नका, सगळं टेबल थांबतं.

## ९. खरेदीच्या वेळी

किंमत वर्गाने वाढते. चिलखत किंवा ढालीचा एन्हान्समेंट आकड्याचा वर्ग गुणिले १,००० जीपी (सोन्याची नाणी); अंगठी, ॲम्युलेट आणि शस्त्र वर्ग गुणिले २,०००. मास्टरवर्कचा खर्च वेगळा. नुसत्या चिलखतावर +४ चढवायला १६,००० जीपी लागतात. चिलखत +१, ढाल +१, अंगठी +१ आणि ॲम्युलेट +१ घेतलं तर तेच चार एसी ६,००० मध्ये येतात, कारण चौघांचे गट वेगळे आहेत. शिवाय अंगठीचा वाटा टच एसीलाही मिळतो.

शस्त्रासाठी फ्लेमिंगसारख्या क्षमतेची ‘+१ इतकी’ किंमत एन्हान्समेंटमध्ये मिळवून मग वर्ग करायचा. +१ फ्लेमिंग आणि साधी +२, दोन्ही ८,००० ला. एन्हान्समेंट +५ च्या पुढे जात नाही, क्षमता धरून बेरीज +१० च्या पुढे जात नाही, आणि किमान +१ एन्हान्समेंट असल्याशिवाय क्षमता चढवता येत नाही.

दुकानात जाण्याआधी मागच्या काही लढायांचे कागद काढा आणि कोणती वस्तू जवळपास नेहमीच ‘झा’ होती ते बघा. वरच्या फायटरचा ड्रुइड रोज बार्कस्किन टाकत असेल, तर ते ॲम्युलेट निम्म्या किमतीत विकून १,००० जीपी परत येतात. तेवढ्यात +१ क्लोक ऑफ रेझिस्टन्स (बचावाच्या रोलला बोनस देणारा झगा) येतो, आणि त्याच्या गटात या फायटरकडे अजून काहीच नाही.